मेडिकलमध्ये ‘अनफिट’ शेरा आला तर: अपील बोर्डापर्यंतच्या ४२ दिवसांत काय करायचं

सेनेत अधिकारी होण्यासाठीची पाच दिवसांची एसएसबी निवड-मुलाखत संपते, शेवटी चेस्ट नंबर (उमेदवारांच्या छातीवरचे क्रमांक) पुकारले जातात आणि रेकमेंड, म्हणजे शिफारस झालेली मुलं घरी फोन लावतात. घरचे पेढे वाटून मोकळे होतात. मग चार-पाच दिवस मिलिटरी हॉस्पिटलात तपासण्या चालतात. शेवटच्या दिवशी मेडिकल बोर्डाचे, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचे प्रेसिडेंट समोर एक कागद सरकवतात. त्यावर एक-दोन ओळींत कारण लिहिलेलं असतं आणि खाली तुमची सही हवी असते.

मी ती सही केली आहे. कागद नीट वाचलाही नव्हता, डोळ्यांसमोर ‘अनफिट’ एवढाच शब्द नाचत होता. बाहेर येऊन वडिलांना फोन केला. त्यांनी विचारलं, “नक्की काय लिहिलंय रे?” मला सांगता येईना. पुन्हा आत जाऊन विचारावं लागलं. कारण होतं रक्तदाब. पुढे अपील बोर्डात मी फिट झालो, शॉर्ट सर्व्हिस (सेनेतली ठरावीक वर्षांची अधिकारी-सेवा) पूर्ण केली आणि आता एनडीए-सीडीएस या अधिकारी भरतीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसोबत बसतो. दर वर्षी कोणीतरी तोच चेहरा घेऊन येतं. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. अपील म्हणजे बोर्डाशी वाद घालणं नव्हे. पहिल्या बोर्डाने एक मोजमाप केलं, ते नियमात बसलं नाही. तेच मोजमाप पुन्हा, जास्त बारकाईने, त्या विषयाच्या तज्ज्ञाकडून करून घेण्याची संधी म्हणजे अपील. ती संधी कागदावरच्या नेमक्या शब्दांवर उभी असते.

कारण शब्दशः उतरवून घ्या

एसएसबीनंतरच्या पहिल्या तपासणीला स्पेशल मेडिकल बोर्ड म्हणतात. त्याची कागदपत्रं गोपनीय असतात, पूर्ण फाइल तुमच्या हातात येत नाही. पण तुम्ही कोणत्या कारणाने अपात्र ठरलात, ते तात्पुरतं आहे की कायमचं आणि अपील कसं करायचं, हे तुम्हाला सांगितलं जातं. त्या वेळी घाई करू नका. इंग्रजी वैद्यकीय शब्द असेल तर स्पेलिंगसकट लिहून घ्या. कारणं दोन असतील तर दोन्ही लिहा. डावा कान की उजवा, कोणता डोळा, कोणता गुडघा, हेही लिहा. एका मुलीने घरी येऊन मला सांगितलं, “दादा, पायामुळे काढलं.” पायामुळे म्हणजे काय? सपाट तळवा, गुडघे जुळणं की अंगठ्याचं हाड वाकडं? तीनही गोष्टींचे नियम वेगळे आणि डॉक्टरने काय तपासायचं तेही वेगळं. ते शोधण्यात तिचे चार दिवस गेले.

‘टेम्पररी’ म्हणजे दुरुस्त होऊ शकणारी गोष्ट: वजन, कानातला मळ, हायड्रोसील (अंडकोषाभोवती साठलेलं पाणी), टॉन्सिल. ‘पर्मनंट’ हा शब्द ऐकून मुलं जागीच खचतात. पण पर्मनंट अनफिट ठरलेल्यालाही अपील करता येतं, तो शब्द म्हणजे त्या बोर्डाचं त्या दिवशीचं मत. निघण्याआधी प्रेसिडेंटना नम्रपणे सांगा की मला अपील करायचं आहे. कोणत्या हॉस्पिटलात जायचं, कधीपर्यंत हजर व्हायचं आणि सोबत काय आणायचं, हे लेखी घ्या. मुदत साधारण ४२ दिवसांची असते. त्या मुदतीत ठरलेल्या हॉस्पिटलात हजर झाला नाहीत तर पुढची संधी मिळत नाही. तुमच्या कागदावर जी तारीख आहे तीच खरी धरा, मित्राला किती दिवस मिळाले ते मोजू नका.

नियमाची ओळ शोधा

यूपीएससी एनडीए आणि सीडीएसची जी जाहिरात काढते, तिच्या परिशिष्टात शारीरिक पात्रतेचे निकष सविस्तर दिलेले असतात. जाहिरात शंभरेक पानांची, म्हणून बहुतेक मुलं फक्त वयोमर्यादा आणि अभ्यासक्रम पाहतात. आता ते परिशिष्ट उघडा आणि तुमच्या कारणाची ओळ शोधा. तुमच्याच एंट्रीची (ज्या मार्गाने भरती होताय त्याची), तुमच्याच वर्षाची जाहिरात घ्या. भूदल, नौदल आणि हवाई दलाचे निकष वेगळे आहेत, निकष बदलतातही. हवाई दलाच्या उड्डाण शाखेत तर पायांची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर आणि बसलेल्या स्थितीतली उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर असावी लागते, कारण कॉकपिटमध्ये बसायचं असतं. तिथे न बसणारा माणूस भूदलात अगदी उत्तम फिट असू शकतो.

ही ओळ सापडली की बऱ्याचदा अर्धा प्रश्न सुटतो. काही उदाहरणं सांगतो.

सपाट तळवे. गावाकडे ‘फ्लॅट फूट म्हणजे संपलं’ असंच सगळे धरून चालतात. पण निकष असा आहे: चवड्यांवर उभं राहिल्यावर तळव्याची कमान परत दिसत असेल, चवड्यांवर नीट उड्या मारता आणि धावता येत असेल, पाऊल लवचीक असेल आणि दुखत नसेल, तर उमेदवार चालतो. घरी करून पाहा. पाय ओला करून फरशीवर उभे राहा, ठसा भरलेला येईल. मग चवड्यांवर उभे राहा आणि मागे बसलेल्या कोणाला तरी टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंतची कडा पाहायला सांगा. तिथे कमान वर उचललेली दिसली तर तुमचं पाऊल लवचीक आहे. ती दिसली नाही, पाऊल फळीसारखं ताठ राहिलं, तर प्रश्न खरा आहे.

जुळणारे गुडघे. गुडघे एकमेकांना टेकवून उभं राहिल्यावर दोन्ही घोट्यांच्या आतल्या हाडांमधलं अंतर मोजतात. मुलांसाठी ५ सेंटिमीटर आणि मुलींसाठी ८ सेंटिमीटर ही मर्यादा. मांड्यांना मांस जास्त असेल तर मांड्याच एकमेकींना अडतात आणि अंतर वाढलेलं दिसतं. वजन उतरलं की तेच अंतर कमी भरतं. म्हणून मोजताना उभं कसं राहायचं हे अस्थिरोगतज्ज्ञाकडून एकदा समजून घ्या.

ईसीजी. पहिल्या बोर्डात ईसीजीमध्ये काहीही वेगळं दिसलं तरी ते अपात्रतेचं कारण होतं. पण अशा उमेदवारांना अपील बोर्डात हृदयरोगतज्ज्ञ तपासतो, इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला जातो, गरज वाटली तर स्ट्रेस टेस्टही होते. छातीची भिंत पातळ असलेल्या सडपातळ मुलांच्या आलेखात उंच लाटा येतात. अपूर्ण राइट बंडल ब्रँच ब्लॉकसारख्या (हृदयातला विद्युतसंदेश एका बाजूला किंचित उशिरा पोहोचणं) काही गोष्टी हृदय धडधाकट असतानाही दिसतात. इको आणि बाकीच्या चाचण्या स्वच्छ आल्या तर उमेदवाराला फिट ठरवता येतं, असं निकषांतच लिहिलेलं आहे. म्हणजे इथे पहिल्या बोर्डाचं ‘चुकलं’ असंही म्हणता येत नाही. त्यांचं काम चाळणीचं होतं, पुढची खातरजमा अपिलात व्हायची होती.

रक्तदाब: माझी स्वतःची गोष्ट

यावर जरा जास्त लिहितो, कारण या कारणाने चांगली मुलं घाबरून माघार घेतात. रक्तदाब सातत्याने १४०/९०च्या वर असेल तर उमेदवार नाकारला जातो. पण पांढरा कोट पाहून चढणारा रक्तदाब आणि खरा रक्तदाब यांत फरक करण्यासाठी २४ तासांची मोजणी करायची, असंही निकष सांगतात. ती मोजणी नॉर्मल आली आणि हृदय, मूत्रपिंड, डोळे यांवर परिणाम दिसला नाही, तर हृदयरोगतज्ज्ञाच्या तपासणीनंतर उमेदवार फिट ठरू शकतो.

या मोजणीसाठी माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि कमरेला डबी लावली. थोड्या थोड्या वेळाने पट्टा आपोआप फुगतो, दंड आवळतो, मग हळूहळू सैल होतो. पहिले दोन-तीन तास मी प्रत्येक वेळी श्वास रोखून वाट पाहत होतो. वॉर्डातले एक हवालदार म्हणाले, “साहेब होणार आहेस ना? मग हात सैल सोड, आणि त्या डबीकडं बघू नको.” मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. रात्री पट्टा फुगला की जाग यायची आणि लगेच पुन्हा डोळा लागायचा. झोपेतल्या त्या आकड्यांनीच खरं काय ते सांगितलं असणार, कारण झोपेत माणूस परीक्षा देत नसतो.

तुम्ही काय करायचं? अपिलाआधी चांगल्या फिजिशियनकडे जाऊन हीच २४ तासांची मोजणी करून घ्या. नॉर्मल आली तर रिपोर्ट जवळ ठेवा, मनही शांत होतं. नॉर्मल नाही आली तर कारण शोधा, तरुण वयात खरा रक्तदाब असेल तर तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही, मग सेनेत जायचं असो वा नसो. आणि बोर्डाआधी गुपचूप गोळी घेऊन जाऊ नका. ते फसवणं आहे. उद्या सियाचीनच्या उंचीवर किंवा पाणबुडीत ज्याची किंमत मोजावी लागेल ते शरीर तुमचंच असेल, आणि तुमच्या भरवशावर उभे असलेले जवानही.

चूक कुठे होते ते ओळखा

माझ्या पाहण्यात चुकीच्या अपात्रतेमागे बहुतेक वेळा काहीतरी साधंच असतं.

कानाची तपासणी सोपी असते: ६१० सेंटिमीटरवरून डॉक्टर कुजबुजतात आणि प्रत्येक कानाने वेगवेगळं ऐकू यायला हवं. कानात मळ घट्ट बसला असेल तर ऐकू येत नाही आणि पडदाही दिसत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून मळ काढून घ्या, ऑडिओमेट्री (यंत्रावर ऐकण्याची चाचणी) करून घ्या. घरी काडी घालून कोरू नका, पडद्याला इजा झाली तर तात्पुरतं कारण कायमचं होऊन बसेल.

डोळ्यांच्या नंबरात तरुण वयात एक गंमत होते. अभ्यास आणि मोबाइल यांमुळे डोळ्यातला स्नायू आवळलेला राहतो आणि मायनस नंबर असतो त्यापेक्षा जास्त भरतो. थेंब टाकून स्नायू सैल करून तपासलं की खरा नंबर कळतो. नेत्रतज्ज्ञाला स्पष्ट सांगा की ही थेंब टाकून करायची तपासणी हवी आहे. रंगदृष्टीचं मात्र वेगळं आहे. लाल-हिरव्याचा जन्मजात दोष व्यायामाने, थेंबांनी किंवा आयुर्वेदिक काढ्याने जात नाही. तज्ज्ञाने दोष पक्का केला तर अपिलात पैसे आणि महिने घालवण्याऐवजी, तुमची रंगदृष्टी कोणत्या शाखेत चालते ते पाहा.

आणि मग शब्दांची चूक. ही मला सगळ्यात जास्त लागते. एका मुलाने फॉर्म भरताना लिहिलं की लहानपणी दमा होता. दम्याचा इतिहास असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. घरी येऊन आईला विचारलं तर कळलं, दोन वर्षांचा असताना पावसाळ्यात खोकला झाला होता आणि आजी त्याला ‘बाळदमा’ म्हणायची. डॉक्टरने दम्याचं निदान कधी केलंच नव्हतं, पंप कधी घेतला नव्हता. त्याच्या आईने ट्रंकेतून जुनी फाइल काढली, बालरोगतज्ज्ञाच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर साधा सर्दी-खोकला आणि सिरप लिहिलेलं होतं. छातीरोगतज्ज्ञाकडून फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी करून घेतली, ती चांगली आली. ही दोन कागदं घेऊन तो अपिलाला गेला.

यातून उलटा अर्थ काढू नका. खरा आजार, खरी शस्त्रक्रिया लपवायची नाही. फॉर्मखाली तुमची सही असते, खोटं उघड झालं तर अकादमीतूनही घरी यावं लागतं. पण घरात वापरला जाणारा शब्द आणि डॉक्टरचं निदान यांत फरक असतो. मेडिकलला जाण्याआधी आई-वडिलांसोबत बसून जुने आजार, फ्रॅक्चर, ऑपरेशन यांची यादी कागदपत्रं पाहून करा.

४२ दिवस कसे वापरायचे

पहिल्या आठवड्यात त्या विषयाचा तज्ज्ञ गाठा. फॅमिली डॉक्टरचं ‘तब्येत उत्तम आहे’ असं प्रमाणपत्र अपिलात फारसं उपयोगी पडत नाही. जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञाचं मत घेता आलं तर उत्तम, शक्य असेल तर खासगी तज्ज्ञाचंही घ्या. डॉक्टरपुढे जाहिरातीतल्या त्या ओळीची प्रिंट ठेवा. बाहेरच्या डॉक्टरांना सेनेचे निकष माहीत असतीलच असं नाही. रिपोर्टवर मोजलेला आकडा, मोजण्याची पद्धत, तारीख, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आणि सही-शिक्का हवा. ‘नॉर्मल’ एवढ्या एका शब्दापेक्षा ‘४.२ सेंटिमीटर’ हा आकडा किती तरी जास्त बोलतो.

बोर्ड तुमच्या बाहेरच्या रिपोर्टला बांधील नसतं, हे आधीच समजून घ्या. त्याचा उपयोग दोन ठिकाणी: तुम्हाला खरी परिस्थिती कळते, आणि तज्ज्ञाचं लक्ष नेमक्या जागी जातं.

कारण वजनाचं असेल तर दुसऱ्या दिवसापासून सुरुवात करा. सहा आठवड्यांत काही किलो शहाणपणाने उतरवता येतात. शेवटच्या तीन दिवसांत पाणी तोडून, घामाचे जॅकेट घालून उतरवलेलं वजन लघवीच्या आणि रक्ताच्या तपासणीत दुसरीच भानगड उभी करतं.

ऑपरेशनचं कारण असेल तर सर्जनला पहिल्याच भेटीत ४२ दिवसांची मुदत सांगा. जखम भरायला आणि बोर्डाला मान्य व्हायला किती वेळ लागतो हे ऑपरेशननुसार बदलतं, प्रत्येक ऑपरेशन या मुदतीत बसत नाही. म्हणूनच जे अजून एसएसबीला जायचे आहेत त्यांनी कानातला मळ, नाकाचं वाकडं हाड, हायड्रोसील, व्हेरिकोसील (अंडकोषातल्या फुगलेल्या शिरा), मूळव्याध, टॉन्सिल, वजन या गोष्टी आधीच तपासून घ्याव्यात. जाहिरातही हेच सुचवते.

या काळात कोणीतरी भेटेल जो म्हणेल, “आतला माणूस ओळखीचा आहे, लाखभर द्या, काम होतं.” त्याला दारातूनच परत पाठवा. तुम्ही तसेही फिट होणार असाल तर तो त्याचं श्रेय आणि पैसे घेणार, नसाल तर फोन बंद करणार.

अपील बोर्डाच्या दिवशी

आदल्या दिवशी त्या शहरात पोहोचा. रात्रभर एसटीत बसून सकाळी थेट बोर्डापुढे गेलेल्या मुलाचा रक्तदाब आणि नाडी काय सांगणार? मूळ ओळखपत्र, फोटो, बोर्डाने दिलेला कागद, फी भरायला सांगितली असेल तर तिची मूळ पावती, सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. एक्स-रे आणि ईसीजीच्या मूळ प्रती. चष्मा असेल तर चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स नको.

तज्ज्ञापुढे कमी बोला. “सर, पहिल्या बोर्डात हे कारण दिलं होतं, हे माझे रिपोर्ट आहेत,” एवढं पुरे. पहिल्या डॉक्टरची तक्रार करू नका. विचारतील त्याचं खरं आणि थोडक्यात उत्तर द्या. तपासताना दुखलं तर दुखतंय म्हणा.

तिथेही अनफिट आलं तर

यानंतर रिव्ह्यू मेडिकल बोर्ड असतं. तो मात्र हक्क नाही. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेचे महासंचालक प्रकरणाची गुणवत्ता पाहून तो मंजूर करतात. तो फक्त दिल्ली आणि पुणे इथेच होतो, तारीख आणि ठिकाण त्यांच्याच कार्यालयाकडून कळतं. प्रक्रिया अपील बोर्डाचे प्रेसिडेंट समजावून सांगतात. भूदलाच्या उमेदवाराने अर्ज भरती महासंचालनालयाला उद्देशून लिहायचा आणि त्याची प्रत प्रेसिडेंटच्या हातात द्यायची. घरी जाऊन लिहू म्हणू नका, त्याच दिवशी लिहा. म्हणून अपिलाला जातानाच कोरे कागद आणि पेन बॅगेत असू द्या.

अर्जात रडगाणं नको. ‘माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं आणि त्याने मोजमाप बदलत नाही. नाव, रोल नंबर, एंट्री, दोन्ही बोर्डांच्या तारखा आणि ठिकाणं, अपात्रतेचं कारण शब्दशः, निकषातली संबंधित ओळ, आणि तुमच्या तज्ज्ञाने मोजलेला आकडा तारखेसह. शेवटी फेरतपासणीची विनंती. एका पानात बसवा.

रिव्ह्यूनंतर उरतं उच्च न्यायालय. राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका करता येते. पण लष्करी डॉक्टरांच्या मताच्या जागी स्वतःचं मत ठेवायला न्यायालयं सहसा तयार नसतात. निकष चुकीचा लावला किंवा प्रक्रिया पाळली नाही, असं कागदावर दाखवता आलं तरच त्यात दम आहे. त्यासाठी कागदपत्रं लागतात आणि ती माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागता येतात. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. स्वतःच्याच वैद्यकीय नोंदी मागताय हे अर्जात स्पष्ट लिहा.

या सगळ्या धावपळीत पुढची परीक्षा सोडू नका. एनडीए आणि सीडीएस या दोन्ही परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि नव्याने रेकमेंड झालात की मेडिकलही नव्याने, पहिल्यापासून होते. तो बाळदम्याचा मुलगा अपिलाच्या तारखेची वाट पाहत असतानाही रोज संध्याकाळी गणिताची वही घेऊन माझ्याकडे यायचा. पुढच्या सीडीएसचा फॉर्म त्याने अपिलाच्या आदल्या आठवड्यातच भरून टाकला होता.